उस्तादांची पिवळी रेघ

ती पिवळी रेघ मी ओढली होती, यासीनभाई उस्तादांनी नव्हे. हे एक वाक्य लिहायला मला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. पण या प्रकरणाची सुरुवात दुसऱ्या कोणत्याही वाक्याने करणे म्हणजे पुन्हा एकदा लपवणे होईल. माझ्या वडिलांच्या गाडीच्या पुढच्या चाकाच्या जोडात मी पिन घातली नाही. ती घातली आहे अशी खोटी खूण उस्तादांच्या ब्रशाने केली. त्या खोटेपणामुळे वडिलांचा पाय कायमचा अधू झाला, तेव्हा साऱ्या घोडेगावाने उस्तादांना दोषी ठरवले आणि मी गप्प राहिलो. माझे विद्यार्थी मला मवाळ बोलणारा माणूस म्हणून ओळखतात. सरांचा आवाज कधी चढत नाही, याचे त्यांना कौतुक वाटते. ज्या दिवशी बोलायला हवे होते त्या दिवशी मी जो आवाज गिळला तो पुढे कधी पुरता वर आलाच नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

खरे तर आमच्या घरात हळू बोलण्याची रीतच नव्हती. घोडेगावहून शिनोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वस्ती होती आणि आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, तारुण्य मेंढरांमागे गेले होते. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर हाक घालणारा माणूस घरात येतानाही तोच आवाज घेऊन येतो. जेवताना ते "मीठ" एवढेच म्हणत, तरी शेजारच्या वस्तीवरची कुत्री उठून उभी राहत. त्यांचा राग तोंडात होता, तर आईचा हातात. ती कधी उलट उत्तर देत नसे. पण पहाटे बाजरीची भाकरी थापण्याच्या आवाजावरून आदल्या दिवशी काय झाले असेल, याचा अंदाज मला अंथरुणातूनच येई. साध्या दिवशी तो आवाज एका लयीत चाले. भांडण झालेले असले की थापा जलद आणि जड पडत, आणि त्या दिवशी भाकऱ्या नेहमीपेक्षा पातळ होत. मी या दोन रागांच्या मध्ये वाढलो. माझ्यात तिसराच प्रकार उतरला. माझा राग दिसत नसे, ऐकू येत नसे. तो साठत असे.

चराईची राने आटत चालली आणि भीमाशंकरला मोटारीने येणारे भाविक वाढू लागले, तेव्हा आबांनी मेंढरे विकून एक जुनी पांढरी अँबॅसिडर आणली. भावकीतले लोक हसले, पण आबांनी त्या गाडीला मेंढरासारखेच वागवले. संध्याकाळी ते तिच्याभोवती फिरत, बॉनेटवर थाप मारत, चाकांकडे बघत. इंजिनातले त्यांना काही कळत नसे. पण कळपात कोणते जनावर लंगडते हे नुसत्या खुरांच्या आवाजावरून ओळखणारा त्यांचा कान गाडीलाही लागू पडला. खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकातून टकटक आली की ते म्हणत, "म्होरला डावा लंगडतोय," आणि तपासल्यावर डाव्या बाजूच्याच सांध्यातला बुश झिजलेला निघे. असे काही झाले की गाडी थेट उस्तादांकडे जाई. तालुक्यात इतरही मेकॅनिक होते, पण आबा दुसऱ्या कुणाला बॉनेटही उघडू देत नसत. दोघांचे भांडणही रोजचे आणि जेवणही एकत्र. आईने खसखशीचे सारण भरून मासवडी केली की एक डबा उस्तादांचा ठरलेला. शुक्रवारी दुपारची नमाज पढून ते परत येत, तेव्हा तो डबा बाकावर त्यांची वाट पाहत असे. रस्सा झणझणीत असे, आणि उस्ताद दर वेळी नाक पुसत म्हणत, "वहिनींनी आज मला मारायचं ठरवलंय."

उस्ताद मूळचे जुन्नरचे. घोडेगावच्या एसटी स्टँडच्या पलीकडे चिंचेखाली त्यांचे पत्र्याचे शेड होते आणि ते फक्त गाडीच्या पुढच्या भागाचे काम घेत, म्हणजे स्टेअरिंग, पुढची स्प्रिंगे, बुश आणि जोड. इंजिनासाठी कुणी आले तर ते सरळ दुसरीकडे पाठवत. "इंजिन गेलं तर गाडी थांबते," ते म्हणत, "स्टेअरिंग गेलं तर गाडी थांबत नाय." त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे काढली आणि एकविसाव्या वर्षी स्वतःला पुरता कारागीर समजू लागलो. तसा होतोही. जॅकवर उचललेले चाक आडवे हलले तर दांड्याचा जोड गेला, उभे हलले तर किंगपिन, म्हणजे ज्या खुंटीवर चाक वळते ती, गेली, हे मी डोळे मिटून सांगत असे. मागच्या टायरपासून पुढच्या टायरपर्यंत सुताची दोरी ताणून चाके सरळ करण्यात माझा हात उस्तादांइतकाच बसला होता. फक्त एक गोष्ट माझ्या हाती नव्हती, ती म्हणजे पिवळा रंग.

त्या शेडचा एक नियम होता, आणि तो मी पुढे कुठल्याही मोठ्या कार्यशाळेत पाहिला नाही. ज्याने नट आवळला त्याने खूण करायची नाही. स्टेअरिंगचा दांडा चाकाला जिथे मिळतो, त्या जोडाच्या नटाला वरून किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात. नटाची खाच आणि बोल्टातले आरपार भोक समोरासमोर आले की त्यातून केसांतल्या आकड्यासारखी दोन पायांची पिन घालायची आणि तिचे पाय वाकवायचे. मग रस्ता कितीही वाईट असो, नट फिरत नाही. खाच जुळली नाही, तर नट पुढे आवळून जुळवायची. मागे सैल करून कधीच नाही. हे सगळे मी करायचे. त्यानंतर उस्ताद गाडीखाली जाऊन तर्जनीने पिनेचे दोन्ही पाय चाचपायचे आणि मगच नटापासून जोडाच्या बुडापर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढायचे. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसे. भीमाशंकरचा घाट चढणारे ड्रायव्हर गाडी नेण्याआधी गुडघे टेकून ती रेघ बघत. आबा तर बघतच. स्वतःचा मुलगा गाडीखालून तेलाने माखून बाहेर येई, तरी ते त्याला विचारत नसत. वाकून रेघ बघत.

त्या आठवड्यात आबांची गाडी स्टेअरिंगला खेळ आला म्हणून आली होती. गुरुवारी मी डावा जोड नवा घातला. खाच जुळेना, पुढे आवळायला जोर पुरेना, म्हणून मी नट केसभर मागे घेतला आणि पिन घातली. उस्ताद गाडीखाली गेले, पान्याने एकदा दाबून पाहिले आणि बाहेर येऊन उभे राहिले. तिथे आबा होते आणि चहा पीत बसलेले दोन ड्रायव्हर होते.

"खंडूभाऊ," उस्ताद आबांना म्हणाले, "विचारा तुमच्या लेकाला, नट मागं का घेतला?"

"केसभर घेतलाय," मी म्हणालो. "एवढं चालतं."

"कुठं चालतं? घाटात चालतं का?"

आबा मोठ्याने हसले. "उस्ताद, मी तुमाला आदीच सांगितलं व्हतं. ह्याच्या हातात मेंढरं दिली न्हाईत मी, तुमी स्टेरिंग दिलं! लांडगा आला तर ह्यो मेंढरामागं लपंल."

बबन नावाचा ड्रायव्हर इतका हसला की त्याचा चहा बशीतून सांडला. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी जे केले ते मला हसण्यापेक्षा लागले. ते म्हणाले, "दोन्ही बाजू खोल. पुन्हा बसव." उजवी बाजू बरोबर होती. त्यांनी ती स्वतः तपासली होती, तिच्यावर रेघही ओढली होती. तरी त्यांनी कापडाने ती रेघ पुसून टाकली. डाव्या बाजूचा दोष माझा होता, हे मला तेव्हाही मान्य होते. उजव्या बाजूचा अन्याय मला आजही मान्य नाही. क्षमा मागणारा माणूस म्हणून मी हे लिहू नये असे कुणी म्हणेल. पण त्या पुसलेल्या रेघेचा राग वगळला तर पुढचे काहीच समजणार नाही.

शुक्रवारी सकाळपासून मी तो राग पान्याने आवळत बसलो होतो. उजवी बाजू पुन्हा बसली आणि उस्तादांनी तिच्यावर नव्याने रेघही ओढली. डावी बसेना. दुपारी उस्ताद हातपाय धुऊन नमाजाला निघाले, "मी आल्याशिवाय गाडी हलवायची नाय," एवढे बोलून. ते वळणाआड गेले आणि आबा पुण्याच्या चार पाहुण्यांना घेऊन हजर झाले. पाहुणे घड्याळे बघत होते. मी गाडीखाली होतो. खाच पुन्हा जुळत नव्हती. पुढे आवळताना पाना सटकला आणि माझी बोटे सोलवटून निघाली. दातांत धरलेली नवी पिन मी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. नट जिथे होता तिथे सोडला.

"झालं का रं?" आबांनी विचारले.

"झालं."

ते गुडघे टेकून वाकले. "रेघ कुटं हाय?"

"उस्ताद आले की ओढतील. नट आवळलाय मी."

"मंग थांबतो. पावणं बोंबलू द्यात. तुझ्या आवळण्यावर मी घाट चढत नसतो."

असे म्हणून ते पाहुण्यांना चहा पाजायला स्टँडवर गेले. त्या पाच मिनिटांत माझ्या मनात काय होते, ते मी पुढे हजार वेळा तपासले आहे. आबांना इजा व्हावी असे मला वाटत नव्हते, हे खरे. गाडी संध्याकाळी परत येईल, तेव्हा मी पिन घालीन, आणि कुणाला काही कळणार नाही, असे मी स्वतःला सांगितले, हेही खरे. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि तीच मूळ होती. मला त्या रेघेचा सूड घ्यायचा होता. ज्या रेघेसाठी माझा बाप माझ्यासमोर गुडघे टेकतो, ती नुसता रंग आहे, हे मला सिद्ध करायचे होते. मग ते फक्त मलाच कळले तरी चालले असते. मी ब्रश उचलला. उस्तादांच्या हातची वाटावी अशीच बारीक, सरळ रेघ मी ओढली.

आबा परत आल्यावर मी म्हणालो, "नीट बघा. आहे रेघ. उस्ताद जायच्या आधीच ओढून गेले. मघाशी मी नीट बघितलं नव्हतं."

ते पुन्हा वाकले. "हां, दिसली की! डोळं म्हातारं झालं राव." त्यांनी बॉनेटवर थाप मारली, पाहुण्यांना बसवले आणि ते निघून गेले. मला ते काही बोलले नाहीत. रेघ होती ना; मग माझ्याशी बोलण्यासारखे काय उरले होते?

उस्ताद परत आले तेव्हा जॅक रिकामा होता. "गाडी?"

"आबांनी नेली. पाहुणे थांबेनात."

"खुणेशिवाय?" त्यांचा विश्वासच बसेना. "तुझ्या बापानं?"

"हो."

"पिन घातलीस?"

"घातली."

त्यांनी रिकामा जॅक बाजूला सारला. मग म्हणाले, "बिनखुणेची गाडी ह्या शेडातून आजवर गेली नाय. परत आली की पहिली जॅकवर घ्यायची." त्यांचा आवाज रागाने बारीक झाला होता. त्या शुक्रवारी आईचा डबा त्यांनी उघडला नाही.

दिवस मावळायच्या सुमारास शिनोलीचा एक माणूस सायकल दामटत आला. खंडूभाऊंची गाडी ओढ्यात गेली, म्हणाला. पाहुणे भीमाशंकरलाच मुक्कामाला उतरले होते आणि आबा रिकामी गाडी घेऊन परतत होते. आम्ही दोघे उस्तादांच्या स्कूटरवर निघालो. मी मागे बसलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्या वेळी उस्तादांच्या खांद्याला धरून होतो. रस्त्याच्या वळणावर गाडी ओढ्यात तिरकी पडली होती. उजवे चाक सरळ होते आणि डावे मात्र मान मोडल्यासारखे भलतीकडे वळलेले. शिनोलीच्या लोकांनी आबांना बाहेर काढून बाजेवर ठेवले होते. मांडीचे हाड मोडून कंबरेपाशी काहीतरी भलतेच झाले होते, आणि तरीही त्यांचा आवाज ओढ्यापलीकडे जात होता.

"यासीन! तुजी रेघ बघून गेलो व्हतो मी! गुडघं टेकून बघितली व्हती! काय नुसती बोटं रंगवतूस का रं?"

उस्ताद पाण्यात उतरले आणि बॅटरी लावून चाकामागे वाकले. नट रस्त्यात कुठेतरी पडला होता, पण जोडाच्या बुडाशी रेघेचे उरलेले टोक होते. त्यांनी त्यावर अंगठा घासला. सकाळपासून उघड्या डब्यातला घट्ट रंग होता तो. अजून पुरता वाळला नव्हता. त्यांनी अंगठा बॅटरीच्या उजेडात धरला आणि माझ्याकडे पाहिले. मी ओढ्याकडे पाहिले.

काठावर येऊन ते म्हणाले, "खंडूभाऊ, गाडी माझ्या शेडातून गेली. कसूर माझी."

पुढचे सहा महिने मला लिहवत नाहीत, म्हणून थोडक्यात लिहितो. आबा वाचले, पण डावा पाय आखूड राहिला आणि गाडी चालवणे सुटले. ओसरीवर बाज टाकून ते रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला हाक मारत आणि ती गोष्ट सांगत. प्रत्येक वेळी ती थोडी वाढत असे. आधी होते, "न बघता रेघ मारली". मग झाले, "नमाजाच्या घाईत मारली". आणि एकदा नमाज त्या गोष्टीत शिरल्यावर तिला जे जे चिकटायचे ते सगळे चिकटले. ज्या माणसांनी उस्तादांच्या हातची गाडी घेऊन वर्षानुवर्षे घाट चढला होता, ती माणसे त्यांच्या धर्माविषयी स्टँडवर उभी राहून असे बोलू लागली की मला आजही त्यांची तोंडे आठवून संताप येतो. आणि लगेच स्वतःचे तोंड आठवते. त्यांना निदान ठाऊक नव्हते. शेडासमोर गाड्या येईनाशा झाल्या. मी कामावर जाणे सोडले होते. आबांना सांभाळायचे आहे असे कारण होते, आणि ते सगळ्यांना पटण्यासारखे होते. एक दिवस उस्तादांनी पत्रे उतरवले, टेम्पोत घातले आणि ते जुन्नरला निघून गेले.

अपघातानंतर चार दिवसांनी आईने माझा शर्ट धुवायला घेतला होता. मी जेवायला बसलो, तेव्हा तिने ताटाशेजारी ती पिन ठेवली. नवीकोरी, पाय न वाकलेली. "तुझ्या खिशात व्हती."

"जादाची होती," मी म्हणालो.

आई चुलीकडे वळली. "जादाची व्हती तर उस्तादाला माघारी दे."

तिला किती कळले होते, ते मी कधी विचारले नाही. पिन मी ताटाशेजारीच सोडून उठलो. त्या दिवसापासून आमच्या घरात मासवडी झाली नाही. आबांनी मागितली की ती म्हणे, "खसखस न्हाई." मग खसखस आणली तरी नाही. मी सकाळी अंथरुणात भाकरीच्या थापा ऐकत पडून राही. त्या जलद आणि जड झाल्या होत्या, आणि तशाच राहिल्या.

मी पुढे शिकलो आणि एका प्रशिक्षण संस्थेत निदेशक झालो. विषय तोच, गाडीचा पुढचा भाग. दरवर्षी नव्या वर्गाला मी तो नट दाखवतो आणि सांगतो, पुढे आवळायचा, मागे घ्यायचा नाही. दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, पिन नसली तर काय होतं?" मी फळ्याकडे वळतो आणि आकृती काढू लागतो. सुट्टीत घरी गेलो की संध्याकाळी आबांच्या पायाला तेल चोळायचे काम माझे. थंडीत तो पाय ठणके, आणि पाय ठणकला की ते उस्तादांना शिव्या देत. हातात त्यांचा पाय आणि कानात त्या शिव्या, असे मी किती हिवाळे काढले! एकदा मी "आबा" एवढे म्हणालोही. ते म्हणाले, "काय?" मी म्हणालो, "जास्त दाबतोय का?" ते त्या शिव्यांसकटच गेले. त्यांच्या मरणापेक्षा मला त्याचा राग अधिक येतो की त्यांचा संताप चुकीच्या माणसावर खर्च झाला. त्यावर हक्क माझा होता.

गेल्या वर्षी आई गेली. तिच्या सुयांच्या डबीत ती पिन होती, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली, एवढ्या वर्षांत जराही न गंजलेली. मी डबी बंद केली आणि परसात गेलो. अँबॅसिडर तिथेच ताडपत्रीखाली उभी होती. आबांनी ती ओढ्यातून काढून आणवली होती, पण नीट केली नव्हती आणि भंगारातही दिली नव्हती. पुढचे कित्येक रविवार मी त्या गाडीखाली काढले. बुश, किंगपिन, दोन्ही जोड, पाठीमागचे पाटे, सगळे नवे किंवा नव्यासारखे केले. इंजिन दुसऱ्याकडून करवून घेतले. डाव्या जोडाचा नट पुढे आवळला, पहिल्याच प्रयत्नात खाच जुळली, नवी पिन बसली, आणि मी गाडीखाली पडल्यापडल्या रागाने रडलो. इतके सोपे होते ते. रेघ मात्र ओढली नाही. सुताने चाके सरळ केली आणि गाडी जुन्नरला नेली.

उस्ताद ऐंशीच्या पुढचे आहेत. बाजाराच्या गल्लीत ते शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप दुरुस्त करतात. गाडी दुकानासमोर थांबली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. "डावा बुश कोरडा आहे," म्हणाले. "ग्रीस कमी पडलंय." मग मान वर केली. "कोण?"

"सोपान, उस्ताद."

"कुठला सोपान?" पण हातातला वायसर त्यांनी खाली ठेवला होता.

मी जवळ जाऊन बसलो आणि आईच्या डबीतली ती पिन त्यांच्या तळहातावर ठेवली. मग जे ठरवून आलो होतो ते त्यांच्या कानाशी वाकून सांगितले. माझ्या नेहमीच्या आवाजात. त्यांनी ऐकून घेतले. त्यांचा चेहरा निवळेल अशी माझी अपेक्षा होती, हे कबूल करतो. तो लाल झाला.

"माझ्या कानात काय सांगतोस?" ते म्हणाले. "मला त्याच दिवशी ठाऊक होतं. अंगठ्याला रंग लागला होता माझ्या. नाव माझं बाजारात गेलं, कानात नाय गेलं."

"मग तुम्ही का नाही बोललात?" माझाही आवाज चढला. तीस वर्षे हा प्रश्न माझ्या मनात कुजत होता. "एक शब्द बोलला असता तर सगळं तिथंच संपलं असतं!"

"तुझा बाप बाजेवर पडला होता. तुझं नाव घेतलं असतं तर त्यानं तुला दगडानं ठेचला असता. मी म्हटलं, आजची रात जाऊ दे. उद्या सकाळी पोरगा स्वतः सांगेल." त्यांनी पिन बोटांत फिरवली. "सकाळी आला नाहीस. म्हटलं, परवा येशील. शेड उतरवलं त्या दिवशी पण मी रस्त्याकडं बघत होतो, सोपान. टेम्पोवाला ओरडत होता, चला म्हणून."

मी गाडीकडे पाहिले.

"उठ," ते म्हणाले, आणि भिंतीला धरून स्वतःही उठले. "मला घोडेगावला ने."

गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी मला स्टेअरिंग पूर्ण वळवायला लावले, चाकामागे हात घातला आणि तर्जनीने पिनेचे दोन्ही पाय चाचपले. मी विचारले, "रंग आणलाय, रेघ ओढता का?" ते म्हणाले, "आधी बोल. मग बघू." वाटेत एका खड्ड्यानंतर त्यांनी फक्त मान हलवली, आणि ती गाडीसाठी होती.

चिंच राहिली नाही. शेडाच्या जागी मोबाईलचे दुकान आहे, शेजारी चहाची टपरी. टपरीच्या बाकावर आबांच्या पिढीतले तीन-चार म्हातारे बसले होते, आणि त्यांत बबन ड्रायव्हरही होता. गाडी पाहून तो उभा राहिला. "आरं, ही खंडूभाऊची गाडी न्हवं? आन् आत कोण, यासीन?" त्याने तो "यासीन" कसा उच्चारला ते मी ऐकले, आणि उस्तादांनीही ऐकले.

मी उतरलो आणि दाराला धरून उभा राहिलो. "मला काही सांगायचंय," मी म्हणालो.

"काय म्हनतोय ह्यो?" एकाने कानावर हात धरला. "मास्तर, जरा मोठ्यानं की!"

मी पुन्हा सुरुवात केली, पण माझा आवाज बाकापर्यंतही पोहोचला नाही. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला, लांब आणि कर्कश. उस्तादांनी माझ्या सीटकडे झुकून हॉर्नवर तळहात दाबून धरला होता. दुकानातली पोरे बाहेर आली, रस्त्यावरचे लोक थबकले. "बोल!" ते आतून ओरडले. "तुझा बाप बोलायचा तसं बोल!"

मग मी बोललो. तो आवाज माझ्यात होता हे मला ठाऊक नव्हते. तो आबांचा होता. या टेकडीवरून त्या टेकडीवर जाणारा.

"मी खंडूभाऊंचा सोपान. ह्या गाडीत त्या दिवशी पिन घातली नव्हती ती मी. रेघ ओढली ती मी. उस्ताद नमाजाला गेले होते, त्यांनी तो जोड बघितलासुद्धा नव्हता. आबांचा पाय माझ्यामुळं गेला आणि शिव्या ह्यांना मिळाल्या. तुम्ही दिल्या, आबांनी दिल्या, आणि मी ऐकत बसलो. ह्यांची काहीही कसूर नव्हती. उस्ताद, मी तुमची खूण चोरली, तुमचं नाव घालवलं, आणि एवढी वर्षं तोंड मिटून राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."